नग एक

शाहूपुरीत, झेरॉक्सच्या दुकानापुढं माझं टेबल.
एक पाय आखूड, खाली जुन्या परिपत्रकाची घडी.
एकवीस वर्षं कामगार ऑफिसात टायपिस्ट होतो.
'अर्ज नामंजूर'
बोटं अजून न बघता मारतात.

खिमलाल घर्ती आला. मूळचा नेपाळातला, बागलुंगचा.
शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर होता.
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला निकाल काढून म्हणाला,
अक्षरं सगळी येतात वाचता, तुमची आमची लिपी एकच.
पण वाक्य संपेपर्यंत मी त्यात कुठं गेलो, ते कळत नाही.

एकोणीस वर्षांची ग्रॅच्युइटी मागितलेली.
हजेरीपटावर नाव 'बहादूर'. नुसतं.
आडनावाचा रकाना कोरा.
'अर्जदार आणि सदर बहादूर ही एकच व्यक्ती असल्याचे
सिद्ध होत नाही. सबब...'
ह्या सबबच्या पुढचं मला पाठ आहे.

"ते नाव गेटवर मिळालं," खिमलाल म्हणाला,
"बूट मिळाले त्याच दिवशी.
माझ्या आधीच्यालाही तेच होतं.
बूटही त्याचेच."

विचारलं, हातात कधी पडला हा?
कागदावरची तारीख सोड, हातात कधी?
त्यानं पाकीटही जपलेलं, पोस्टाच्या शिक्क्यासकट.
बोटांवर मोजलं. बावन्न दिवस.
अपिलाला साठ मिळतात.
म्हटलं, आठ दिवस म्हणजे रग्गड.
खोटं बोललो. मध्ये रविवार होता, आणि दोन सुट्ट्या.

"आमच्याकडं पुनरावेदन म्हणतात," तो म्हणाला.
मी मशीनला कागद लावला.
एकदा सांगून झालेलं
पहिल्यांदाच सांगतोय असं सांगायचं.
मुद्दा एक झाला. मुद्दा दोनला अडलो.
पुरावा काय?
पगार रोखीत. कार्ड नाही.
साक्षीला येतील ते सगळे अजून तिथंच नोकरीला.

तेव्हा पिशवीच्या तळातनं
टॉवेलात बांधलेला बिडाचा तुकडा त्यानं वर ठेवला.
टेबल तिकडं कललं.
पंपाची बॉडी, चीर गेलेली, रिजेक्ट.
कडेला उमटलेला आकडा: १७.
"ओतायच्या आधी वाळूत दाबायचा.
माल फुटला, की कळावं हात कुणाचा."
आणि सोबत चिठ्ठी: मोल्डर नं. १७, दंड रुपये दोनशे चाळीस.
खाली सही, खिमलाल घर्ती. शेजारी सुपरवायझरची.
अशा एकतीस. कडा उंदरांनी खाल्लेल्या.

पगार देताना बहादूर.
कापताना पूर्ण नाव, आडनावासकट.

बराच वेळ मी काही टाईप केलं नाही.
मग लिहिलं, परिशिष्ट अ, दंडपावत्या, नग एकतीस.
परिशिष्ट ब, ओतीव वस्तू, नग एक.
लोखंड जोडता येतं का अपिलाला, मला ठाऊक नाही.
आमच्या ऑफिसात कुणी जोडलं नव्हतं.

एकोणसाठाव्या दिवशी पोच मिळाली.
खिडकीतली पोरगी म्हणाली, हे ठेवू कुठं?
म्हटलं, फायलीवरच ठेवा, उडणार नाही.

खाली चहावाल्यानं विचारलं, बहादूरला साखर कमी?
मी सांगायला तोंड उघडलं,
तर खिमलालनं माझं मनगट दाबलं.
"राहू दे. ह्याच्याकडं हजेरीपट नाही."

पोच टॉवेलात गुंडाळली.
तारीख पडली की फोन करा, म्हणाला, पण चारनंतर,
रात्रपाळी असते, सिक्युरिटीत लागलोय.
गणवेशावर नावाची पट्टी देतात म्हणे तिथं.
अजून आली नाही.