समाविष्ट

एजन्सीनं पाठवलेली फाईल नऊ पानांची आहे.
हिनोसावा नावाच्या एका गुनाचा प्रशासकीय इतिहास,
जपानीतून मराठीत, शुक्रवारपर्यंत.
का आणि कुणासाठी, ते विचारायचं नसतं.

गुनाला तालुका म्हणावं तर तहसीलदार लागतो.
जिल्हा म्हणावं तर अंगावर ढगळ होतो.
परगणा म्हणावं तर मागोमाग घोडे येतात.
तात्पुरतं तालुका लिहून शब्द पिवळा करून ठेवला.
अण्णा म्हणाले, "लई गुनाचं काम दिसतंय."

मुरा म्हणजे गाव. हे सोपं.
आपल्याकडंही डोंगरमाथ्यावरच्या धनगरवस्तीला मुरा म्हणतात.
नातं काही नाही,
पण शब्दानं ओळख दाखवली, बरं वाटलं.

मेइजी बावीस, एप्रिलची एक तारीख:
एकोणतीस गावांची सहा गावं झाली.
एका वाक्यात. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच,
त्यामुळे गावांचं काय झालं ते शेवटपर्यंत कळत नाही.
वरच्या गावाचं पहिलं अक्षर, खालच्याचं दुसरं,
जोडून नवं नाव.
त्या नावाची हाक आधी कुणीच ऐकली नव्हती.

मेइजी सव्वीस: एक गाव पाण्यावरून फुटून निघालं.
हे मी मोठ्यानं वाचलं.
अण्णा पेपरातून मान वर न करता म्हणाले,
"हुशार होते."

अण्णा, म्हणजे गेनू चरवड,
उंबरमळा ग्रामपंचायतीत एकतीस वर्षं शिपाई.
पहाटे साडेपाचला पान्यानं व्हॉल्व फिरवायचे,
आधी वरची आळी, मग माळवाडी, मग शाळेमागचा नळ.
एका बुधवारी मुंबईहून राजपत्र निघालं
आणि गुरुवारी आम्ही पुण्यात.
अण्णा क्षेत्रीय कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर,
हजेरीच्या मशीनवर अंगठा.
मशीन म्हणे, पुन्हा प्रयत्न करा.
अंगठ्याच्या रेषा पान्यानं कधीच खाल्ल्या होत्या.

तेव्हापासून आम्ही समाविष्ट गाव.
समाविष्ट गावांचा कर, समाविष्ट गावांचा टँकर,
समाविष्ट गावांच्या रस्त्याचं भूमिपूजन,
एकाच जागी दोनदा नारळ.

ताइशो पंधरा: गुनाची कचेरी बंद.
गुन मात्र चालू.
हे मला पुन्हा वाचावं लागलं.
कारकून गेले, दौती गेल्या,
टेबलं शाळेला दिली असतील, हे माझं, मुळात नाही.
उरला नुसता पत्ता,
पुढची एकोणऐंशी वर्षं पाकिटांवर.
आमचंही नाव बसच्या पाटीवर आहे अजून,
उंबरमळा, शेवटचा थांबा.
उतरलं की वॉचमन विचारतो, कोण पाहिजे.

हेइसेइ सतरा: उरलेलं एक गाव शेजारच्या शहरात गेलं
आणि त्याच दिवशी गुन...
इथं एक जोडशब्द आहे, विझणं आणि नाहीसं होणं मिळून.
विसर्जित लिहिलं तर ढोल वाजायला लागतात.
खालसा लिहिलं तर कुणीतरी जिंकलं असं होतं.
बरखास्त लिहिलं की चूक कुणाची, हा प्रश्न आलाच.
अण्णांना विचारलं.
ते म्हणाले, "ते जाऊ दे. पाणी कुणाकडं गेलं, ते लिवलंय का?"

नऊही पानं परत चाळली.
दर शब्दाला दोन रुपये, आकडे शब्दांत धरत नाहीत,
म्हणजे एवढ्या सगळ्या तारखा फुकट.
शंकांच्या यादीत एक ओळ वाढवली:
क्रमांक चार. पाण्याबाबत मुळात उल्लेख नाही, कृपया खुलासा व्हावा.

तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. माळवाडीच्या सुगंधाकाकू.
निवृत्त होऊन चार वर्षं झाली, लोक अजून यांनाच विचारतात.
अण्णांनी चष्मा कपाळावर सारला.
"सहाला येईल. भांडी लावून ठेवा."

कुठून कळतं तुम्हाला, मी म्हटलं.
"कळतं कुठं," म्हणाले,
आणि पेपराची घडी घातली.