माया

पंधरा वर्षं मी लक्ष्मीपुरीत पुरुषांच्या विजारी शिवतोय.
आसनाचं माप घेताना नजर कुठं ठेवायची,
डावीकडं की उजवीकडं, हे गिऱ्हाइकाला कसं विचारायचं,
सगळं वडिलांनी शिकवलं.
माझंच दुखायला लागल्यावर कुणाला काय सांगायचं,
तेवढं शिकवायचं राहिलं.

लग्नाला सात महिने झाले होते.
त्या रात्री काहीतरी तुटलं,
मशीनवर ताणलेला दोरा तुटतो तसं.
आवाज नाही. नुसतं कळतं.
चादरीवर रुपयाएवढं रक्त.
वैजयंता दचकून उठली, तिला वाटलं तिलाच काहीतरी झालं.
मी म्हणालो, झोप.
पहाटे चादर मीच धुतली, गार पाण्यात.
रक्ताला गरम पाणी चालत नाही,
हे धंद्यातलं.

आठ दिवसांत भरलं.
पुन्हा फाटलं.
भरलं, फाटलं, आणि दर वेळी थोडं जास्त आखडलं,
पहिल्या धुण्यात सुती कापड आटतं तसं.
मी दुकान उशिरा बंद करायला लागलो.
म्हणालो, गणवेशांचा सीझन आहे.
दिवाळी सरली तरी माझा सीझन संपेना.
तिनं विचारायचं सोडलं.

मेडिकलमधनं मलम आणलं, 'मित्राला पाहिजे' म्हणून.
मित्राला गुण आला नाही.
तालमीच्या कट्ट्यावर आडवळणानं विषय काढला,
तर एकजण म्हणाला, गड्याला कसलं रं दुखणं तिथं?
सगळे हसले.
मीसुद्धा.

शेवटी राजारामपुरी, डॉक्टर मगदूम.
कंपाउंडर खिडकीतनंच ओरडला,
"बोंगाळे! काय होतंय?"
बाकावर नऊ माणसं.
त्यातल्या एकाच्या कमरेला माझ्याच हातची विजार.
म्हणालो, मुतखडा.

आत गेल्यावर खरं बोललो. जमिनीकडं बघून, पण बोललो.
त्यांनी तपासलं, हात धुतले, म्हणाले,
"घरी आरशात जीभ वर करून बघा. खाली पातळ दोरी दिसेल.
तशीच ही. तुमची जन्मापासून जरा आखूड आहे.
फाटून फाटून वण कडक झालाय.
खूप जणांना होतं. येतात थोडे.
साबण लावताय का?"
लावत होतो. दिवसातनं तीनदा, घासून.
"बंद करा. नुसतं पाणी."
साखर तपासायला सांगितली. ठीक निघाली.
पुढच्या खेपेला कागदावर एक रेघ ओढली.
"मलमानं भागायचं नाही आता. छोटं ऑपरेशन.
चीर आडवी द्यायची, टाके उभे घालायचे."
पेन खाली ठेवायच्या आत मी म्हणालो,
"म्हणजे रुंदीतनं लांबी काढायची."
ते थांबले. "काय करता तुम्ही?"
"शिंपी."
"मग तुम्हाला काय सांगायचं!"
"माया कमी ठेवली होती म्हणायची, शिवणाऱ्यानं."
डॉक्टर एवढे हसले
की कंपाउंडर डोकावून गेला.

बधिर करायची सुई टोचली, तेवढंच दुखलं.
अर्धा तासही लागला नाही.
पडल्या पडल्या विचारलं, दोरा किती नंबरचा?
म्हणाले, हा आपोआप विरघळतो.
एवढी वर्षं मी दोरा टिकावा म्हणून मेण लावत आलो.

त्या रात्री वैजयंताला सगळं सांगितलं.
चादरीपासून.
ती बराच वेळ भिंतीकडं तोंड करून होती.
मग म्हणाली, "मला वाटलं, मीच नको झाले."
ह्याला माझ्याकडं माप नव्हतं.
म्हणालो, सहा आठवडे थांबायला सांगितलंय.
"सात महिन्यांपुढं सहा आठवडे काय," म्हणाली,
आणि उठून कपाट उघडलं.
लग्नातला अंजिरी ब्लाउज काढला, मीच शिवलेला.
"हा काखेत काचतो. पहिल्या दिवसापासनं.
तुम्हाला वाईट वाटंल म्हणून बोलले नाही.
माया आहे का बघा त्यात."

दिव्याखाली धरून उलटा केला.
दोन्ही अंगांना बोटभर होती.