केसांची बाजू

त्या फेब्रुवारीत नॉर्विचला शाई गोठायची.
मी दौत काखेत धरून बसायचो.
साक्ष इंग्रजीत व्हायची, मी लॅटिनमध्ये उतरवायचो.
तीस शब्दांचे बारा होत,
आणि खोकला कुठेच येत नसे.

इडोनी. वेव्हनीकाठच्या थर्स्टनची बायको,
तो वासरांची कातडी ताणून चर्मपत्रं करतो.
वय तिला ठाऊक नाही.
आरोप: शुक्रवारी डुकराचं मांस शिजवलं.
आरोप: म्हणाली, वेदीवरचा पाव भट्टीतून आला,
तो उंदीरही खाईल.
आरोप: रात्री कडी लावून
याकोबाचं पत्र ऐकलं, घरच्या भाषेत.

लोलार्ड म्हणायचो आम्ही त्यांना. पुटपुटे.

"वाचता येतं?"
"नाही."
"मग पुस्तक कुठंय?"
बैल पारखताना दात बघतात
तसं तिनं तोंड उघडलं,
आणि पहिल्या ओळीपासून सुरू झाली.
लगामाचं, सुकाणूचं, जिभेच्या ठिणगीचं,
मग शेतमजुरांच्या अडवलेल्या मजुरीचं.
(माझीही दोन तिमाह्यांची बाकी होती.)
गाईला हाक मारावी त्या भाषेत
देव इतका जवळ येऊन बोलतो
हे मला माहीत नव्हतं.

"पुरे," व्हिकर म्हणाले. "लिही, कबूल."

शिक्षा: तीन रविवार, अनवाणी, चर्चभोवती,
हातात अर्ध्या पौंडाची मेणबत्ती.
मेण तिच्याच पैशाचं.

खूण करायला तिला पुढे आणलं.
ती अक्षरांकडे बघेना.
अंगठा पानावरून फिरवत राहिली,
आजारी पोराचं कपाळ चाचपावं तशी.
"हे आमच्याकडचं," म्हणाली,
"तांबडं वासरू. इथे गोमाशीचं भोक होतं, मीच शिवलं.
पण तुम्ही मांसाच्या बाजूनं लिहिलंत, साहेब.
ती गोरी दिसते, शाई सोडते.
केसांची बाजू पिवळट खरी,
पण धरून ठेवते."

कुणी हसलं. मी हेही लिहिलं नाही.

ती गेल्यावर नक्कल करायला बसलो.
"कबूल"च्या बरोबर मध्ये ते भोक येत होतं,
सुताचे सात टाके, बारीक, एकसारखे.
व्हिकर घाई करत होते.
मी अर्धा शब्द अलीकडे ठेवला, अर्धा पलीकडे,
आणि टाक्यांना वळसा घालून
पुढे गेलो.