पाचचा आकडा

कुटबणच्या जेटीवर मी ट्रॉलरांची नावं रंगवतो.
सांता रीता, श्री दामोदर, दर्यादेवी.
खारं पाणी दोन वर्षांत अक्षरं खाऊन टाकतं,
म्हणून पोटाला तोटा नाही.

कायतान बाब स्कूटरला आठ फळ्या बांधून आला.
'आठ देश फातोर्ड्याला खेळायला येतायत. शेजारचेच.
इलेक्ट्रिकचा बोर्ड बंद पडलाय, पार्ट यायला महिना लागेल.
हिरव्या जमिनीवर पांढरं अक्षर घाल.
नागरीच घाल, रोमी टीव्हीवाले दाखवतील.'

फळ्या सगळ्या एका मापाच्या, साडेचार फुटी.
देश तसे नव्हते.
नेपाळ ऐसपैस बसला, मांडी घालून.
अफगाणिस्तान लिहिताना मीच श्वास धरून होतो,
शेवटचा न कडेला लोंबकळला
फूटबोर्डावरच्या कंडक्टरसारखा.
पाकिस्तानची फळी न्यायला साध्या कपड्यांतला पोलीस आला,
वहीत वेगळी सही घेतली,
फळी ओली आहे म्हटलं तरी काखेत मारली.
बाहीला लागलेला पा
तो केरोसीननं तीनदा पुसत होता.

'आकडे किती करू?'
'शून्य ते चार. फुटबॉल आहे हा, पात्रांव, क्रिकेट नव्हे.'

बुधवारची दुपार. मालदीव आणि भूतान.
बघायला कोण? दोन चणेवाले,
आणि फुकट पासावर आलेल्या सिस्टरांच्या साठेक मुली,
ज्या दोन्हीकडच्यांना टाळ्या वाजवत होत्या,
थ्रो-इनलासुद्धा.
शिडीवर माझा भाचा विशांत
आकडे काढत होता, लावत होता.
सत्तराव्या मिनिटाला चार.
एक्क्याऐंशीव्याला तो वरून ओरडला,
'मामा, पाच!'

पाच नव्हताच.

मालदीवची राखीव पोरं बाकावरून
पंजा दाखवत होती, हसत होती.
मी डिकीतला डबा काढला,
तीनची फळी उलटी केली, गुडघ्यावर घेतली.
पाच हा मुळात त्रासाचा आकडा,
त्याला पोटही आहे आणि शेपूटही,
आणि माझ्या डोक्यावर कायतान बाब
'बेगीन, बेगीन' करत उभा.
असा आकडा मी जन्मात काढला नव्हता.
तसाच ओला वर चढवला.

रंग ओघळू लागला.
शेपूट उतरलं फळीखाली, मग भिंतीवर,
आणि थांबेचना.
मुली खिदळल्या. लाइन्समन वळला.
मालदीवचा गोलकीपर कमरेवर हात ठेवून
वर बघत राहिला, किती खाली येतोय हा आकडा.

तेवढ्यात चौदा नंबरच्या भूतानी पोरानं
अर्ध्या मैदानातून पाय मारला.
नेम नव्हता. बॉल टप्पा घेत आला,
कुणी सांगावं पाठवलेल्या पोरासारखा,
आणि आत गेला.

मग जे झालं ते मी जिंकणाऱ्यांच्यातही पाहिलेलं नाही.
ते दहा जण त्याच्यावर पडले.
त्यांचा कोच बूट हातात घेऊन पळत होता,
का, ते त्यालाच माहीत.
शून्य मी स्वतः चढून काढलं,
आठ दिवस जागचं न हललेलं, धूळ बसलेलं.
एक लावला. ओला अंगठा उमटला त्याच्यावर.
पुसला नाही.

स्पर्धा संपली, फळ्या कुणालाच नको होत्या.
भारताची कुणीतरी आधीच पळवली होती.
पोलिसाकडची आलीच नाही, मी मागितलीही नाही.
श्रीलंकेवर आता माझे डबे असतात.
भूतान कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलाय,
अक्षरं वर करून.

काल नव्या ट्रॉलरचा नंबर रंगवत होतो.
शेवटी पाच.
मालक म्हणाला, शेपूट जरा लांब झालंय.
म्हटलं, असू दे.