वाकडं, सरळ, वाकडं

एकवीस जानेवारी.
दोन महिन्यांनी आज सूर्य यायचा आहे, दुपारी, चार मिनिटांपुरता,
आणि मी अंधाऱ्या खोलीत.
त्रोम्सोच्या बेकऱ्यांपुढे पहाटेपासून रांगा,
जॅम भरलेले सूर्याचे गोल पाव संपत आलेत.
यॉर्डिसनं एक माझ्यासाठी दाराबाहेर ठेवलाय.
म्हणाली, घेताना फट ठेवू नकोस,
उजेड आत आला तर तीन आठवडे पाण्यात.

बशीत उंदराच्या डोळ्याचा पडदा.
नखाएवढा, ओला.
पाठीमागचं काळं अस्तर मी चिमट्यानं सोलून काढलंय;
रंगाचं कोठार त्या अस्तरात, असं आम्ही शिकलो होतो.

रंगाच्या पोटात एक रेणू असतो, कमरेत वाकलेला.
उजेडाचा कण येऊन आदळला की तो ताठ होतो,
त्या ताठ होण्यातूनच दिसणं सुरू होतं.
पुढे तो कामातून गेला.
आम्ही माणसं सरळपणाचे किती गोडवे गातो,
इथे सरळ झालेल्याला
कुणीतरी पुन्हा वाकवावं लागतं.

तो मुळात आला कुठून?
लोफोतेनच्या कॉडच्या यकृतातून, माझ्यापुरतं तरी.
ज्या महिन्याच्या नावात र,
त्या महिन्यात रोज सकाळी एक चमचा तेल.
वडील नाक दाबून धरायचे, माझं, स्वतःचं नाही.
सप्टेंबर ते एप्रिल सुटका नाही.
मे आला की आम्ही बहिणी चमचा लपवून ठेवायचो,
जणू चमचाच गुन्हेगार.

आता फटका देते. पांढरा, पूर्ण.
पडद्याची गुलाबी उतरते, मला दिसत नाही,
पण आकडा सांगतो.
दंडपेशींची रेघ आडवी झाली ती आडवीच.
अस्तर नाही, माल नाही, चूल थंड.
शंकूंचीही रेघ आडवी.
मी मनात वीसपर्यंत मोजते.
मग ती हलते.
थांबते.
पुन्हा हलते, आणि चढू लागते,
कोठार कचऱ्याच्या डब्यात असताना.

कोण देतंय रे तुम्हाला?

पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत
एक पेशी उभी असते, खांबासारखी.
शंभर वर्षं तिला आधार म्हणत आले,
म्हणजे तिला कुणी काही विचारलं नाही.
शंकूंनी टाकलेलं सरळ ती उचलते,
वाकवते,
परत त्यांच्याच हातात ठेवते.
शेजारच्या दंडपेशीला त्यातलं उसनंसुद्धा चालत नाही.
दंडपेशी संख्येनं कितीतरी जास्त, पण त्या रात्रीच्या.
भर दुपारी ज्यांना उभं राहायचंय
त्यांचा दुकानदार घरातच हवा.

यॉर्डिसला आणखी एक शंका आहे, गेल्या मार्चपासून.
त्या खांबातलं एक यंत्र म्हणे उजेडावरच चालतं.
जो कण इकडे सरळ करतो,
त्याचाच भाऊ तिकडे वाकवतो.
काट्यानं काटा.
उधळणाराच मागच्या दारानं भरून जातो.
हे ऐकलं तेव्हा मी कॉफी ढवळत होते,
साखर न घालताच ढवळत राहिले.

बारा वाजून गेले. मी पाव घेतला, बूट चढवले,
टेकडीवर धावत सुटले.
वडील आधीच वर, काठी बर्फात रोवून,
शाळेची पोरं ओरडत होती.
आणि माझ्या डोळ्यांत सगळं पांढरं.
वडील नाहीत, पोरं नाहीत, नुसतं चुन्याचं भांडं.
मी उभी राहिले. वीसपर्यंत मोजलं.
आत कुठेतरी खांब कामाला लागले असतील,
त्यांना कुठे माहीत आज काय दिवस आहे.

पहिला लाल आला. वडिलांचा थर्मास.
मग टोपीची निळी पट्टी.
मग त्यांचा चेहरा, रंग नंतर, आधी सुरकुत्या.

गेला, वडील म्हणाले. आत्ताच गेला. दिसला ना?

थर्मास लाल आहे, मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
आणि अर्धा पाव तोडून घेतला.