जास्तीची बी

सातवं पान पालथं पडतं.
तोवर बरंचसं उघड्यावर असतं:
तिच्यासमोर तिर्री, चौकी, पंजी, सत्ती,
माझ्यासमोर दोन राण्या, एक दश्शी
आणि कुणाच्याच कामाची नसलेली बदामची अठ्ठी.

रायबंदरच्या ह्या बाल्कांवात चिप्स नाहीत.
काजूच्या बिया आहेत, यंदाच्या, उन्हात वाळलेल्या,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
पलीकडे मांडवीत कॅसिनोच्या बोटी
निळ्या होतात, जांभळ्या होतात, परत निळ्या.
रुझार त्यांच्याकडे पाठ करून बसतो.
एकतीस वर्षं जहाजावर भांडारी होता तो;
हा खेळ त्यानं एका फिलिपिनो ऑइलरकडून घेतला,
एका मनगटी घड्याळाच्या बदल्यात, म्हणतो.

सगळ्यात भारी हाताला अर्धा डाव,
सगळ्यात हलक्या हाताला अर्धा.
पण हलक्यालाही पाच वेगळी पानं लागतात,
अठ्ठीच्या वर एकही नको.
नुसतं गरीब असून भागत नाही.

आल्दीन त्याची धाकटी बहीण.
ती माडीवर राहते, तो तळाला.
मधला जिना कुणाचा, ह्यावर कोर्टात अकरा वर्षं गेली.
शेवटी पायऱ्या मोजल्या. सतरा भरल्या.
मधली नववी
अजून दोघंही झाडत नाहीत.

मी दिवाडीचा. गणित शिकवायचो.

रुझारनं पानं मिटली आहेत;
त्याच्या दोन छक्क्या उघड्या होत्या, त्या मी लक्षात ठेवल्यात.
माझ्या आत दुसरी दश्शी आहे, एक चौकी,
आणि हे आत्ता आलेलं सातवं: किलवरची नव्वी.
म्हणजे काहीच आलं नाही.
उघड्यावर जो भारी दिसतो त्यानं आधी बोलायचं.
मुठीत दहा बिया.

टाकल्या तर?
तिचा हलका हात जमला असेल,
तर माझ्या दहा मला परत, तिच्या दहा तिला.
जमला नसेल तर ती पानं फेकेल,
एक बी सुटणार नाही तिच्याकडून.
आणि उरलेल्या दोन छक्क्यांतली एखादी
तिच्या पोटात असेल, तर तिर्रीपासून सत्तीपर्यंत ओळ,
तीच हलकी, तीच भारी,
सगळा डाव ओच्यात घेऊन ती जिना चढेल.
म्हणजे ह्या दहा बियांना
परत येणं माहीत आहे, जाणं माहीत आहे;
येताना सोबत कुणाला आणणं नाही.

तरी हात शिवशिवतो.
दोन राण्या समोर बसल्या असताना
गप्प राहणं
पस्तीस वर्षं खडू धरलेल्या हाताला जमत नाही.

मी बोटानं मेज ठोकतो. चेक.

आल्दीन लगेच दहा ढकलते.
विचारसुद्धा करत नाही; आणि का करावा?
अर्धा तिचा ठरलेला, वर नशीब आजमावायचं फुकटात.
मी दहा भरतो. अर्ध्यासाठी भरायच्याच असतात.

एक्का. दुसरा एक्का. गुलाम.
"दुर्री आयली आसती तर," ती म्हणते,
आणि मला कळतं, मी छक्क्याच मोजत बसलो होतो.
एक्क्याकडून येणारी ओळ
माझ्या हिशेबात आलीच नव्हती.

तिला हलका अर्धा, मला भारी.
रुझार मोजतो. सदुसष्ट.
तेहतीस, तेहतीस, आणि मेजावर एक.
"जास्तीची वरच्याला," तो म्हणतो, "बोटीवर असाच नियम."
"वर मी राहते," आल्दीन म्हणते.
तो काही बोलत नाही.
मग खाकरतो, बी उचलतो,
आणि त्या दोघांपैकी कुणाच्याच घरात न राहणाऱ्या
माझ्या खिशात टाकतो.

शेवटच्या फेरीचा भोंगा.
बिया डब्यात परत; हिशेब वहीत.
जिना उतरताना नववीवर पाय घसरतो, धूळ इतकी.

घरी बायको शर्टाचा खिसा उलटा करते,
दिव्याखाली धरून बघते.
"रात्रीचे बारा वाजेपर्यंत," म्हणते, "एकच?"