ऐंशी उंट

मोयाले नावाची दोन गावं आहेत.
मधे एक ओढा, एक फाटक
आणि मी.
अलीकडे केनियात गाड्या डावीकडून धावतात,
पलीकडे इथिओपियात उजवीकडून.
फाटकात प्रत्येक ड्रायव्हर क्षणभर गोंधळतो.
त्या क्षणावर माझं पोट चालतं.

मी दबासो. कागदी घोडे नाचवतो,
एका गाडीचे पाचशे शिलिंग.
खऱ्या जनावरांना इथे कुणी कागद मागत नाही.
माझ्या आत्याची शेळी सकाळी पलीकडे चरते
आणि धारेच्या वेळी अलीकडे येते.

ब्रेडाबाई आली ती भर दुपारी.
ट्रक ओल्या राखेच्या रंगाचा,
मार्साबितच्या मेकॅनिकनं आणून सोडलेला.
हातात कार्ने: पंचवीस पानांचं पुस्तक,
प्रत्येक पान तीन तुकड्यांचं.
एक आत येताना फाडायचा, एक बाहेर जाताना,
तिसरा पुस्तकातच राहतो, साक्षीला,
की गाडी गेली, विकली नाही,
कुणाच्या अंगणात कोंबड्यांचं खुराडं झाली नाही.

"याचे किती पडले?" मी विचारलं.
धंद्यातला माणूस, विचारणारच.
क्लबची फी. पानांचे वेगळे.
आणि अनामत, गाडीच्या किमतीएवढी, वर आणखी निम्मी.
मी मनातल्या मनात उंटांत हिशेब केला.
ऐंशी उंट, त्यातले वीस दुभते,
स्लोव्हेनियातल्या एका बँकेत बांधलेले.
चारा नाही, पाणी नाही,
व्याजही नाही.

त्यासाठी द्राक्षांचा उतार विकला, म्हणाली.
सासूचा. सासूनं तेव्हापासून बोलणं टाकलं होतं.
आता बोलते फोनवर,
पण एकच विचारते:
त्याच्यावर सावली पडते का?

विंको मार्साबितला राहिला,
मिशनच्या आवारात, काळ्या दगडांखाली.
ताप नव्हता, अपघात नव्हता.
रात्री झोपला, एवढंच.

कार्नेवर नाव त्याचं.
कस्टमचा जिल्लो म्हणाला, मालक कुठाय?
तिनं मृत्यूचा दाखला पुढे केला.
जिल्लोनं तो दोनदा वाचला, उलटून पाहिला,
मग अगदी मनापासून वाईट वाटून म्हणाला,
"यावर बाहेर पडल्याचा शिक्का मारता येत नाही हो."

क्लबचं पत्र यायला तीन दिवस.
मी माझे पाचशे वाढवले नाहीत, हे कुणीतरी लिहून ठेवा.

तिसऱ्या संध्याकाळी तिनं विचारलं,
"ट्रक इथेच सोडला तर?"
मी यार्डाकडे बोट केलं.
तिथे एक जीप आहे, अकरा वर्षं झाली,
तिच्या तळातून बाभूळ वर आली आहे,
ड्रायव्हरच्या जागी बसल्यासारखी.
"ऐंशी उंट जातील," मी म्हणालो.
ती हसली. मग म्हणाली,
"त्याच्यासाठी कुणी काहीच मागितलं नव्हतं.
आणला, ठेवला.
एक कागद नाही फाडावा लागला."
मला काही सुचेना.
मी तिच्या चहात साखर घातली,
एकदा घातलेली असताना.

चौथ्या दिवशी शिक्का बसला.
ट्रक मी नेणार होतो. नको म्हणाली.
गिअर दोनदा करकरला,
पण फाटकात ती गोंधळली नाही.
तिच्या गावी उजवीकडूनच जातात.

पलीकडच्या ऑफिसात भिंतीवर त्यांचं कॅलेंडर,
आपल्यापेक्षा सात वर्षं मागे.
कारकून पान भरत होता
आणि ती त्या आकड्याकडे बघत राहिली.
"या साली घेतला आम्ही ट्रक," म्हणाली.
"जुनाच. विंकोनं रंग स्वतः दिला."
कारकुनाला कळलं नाही. त्यानं तुकडा फाडला.

मी पाचशे शिलिंग मोजून घेतले
आणि ओढा ओलांडून परत आलो,
सात वर्षं पुढे,
आत्याच्या शेळीच्या मागोमाग.